‘ळ’ची खूण

ललिता ओव्हाळला कार्डांना भोकं पाडायची नोकरी लागली, तेव्हा दौंडच्या रेल्वे कॉलनीत शेजारणींना ते समजावून कसं सांगावं, हा तिच्या आईपुढं मोठाच प्रश्न होता. शेवटी धुरपदाबाईंनी ठरवून टाकलं, "टायपिंगच म्हणायचं. कागदावर न्हाई, पुठ्ठ्यावर करत्यात."

ते तसं फार चुकीचं नव्हतं. पुणे स्टेशनापासून दहा मिनिटांवर एक मशीन-केंद्र होतं. निरनिराळ्या संस्था आपापल्या याद्या तिथे आणून द्यायच्या. ललिता आणि आणखी पाच मुली त्या याद्यांतली नावं, गावं, वयं कार्डांवर पंच करायच्या. एक बटण दाबलं की कार्डाच्या एका उभ्या ओळीत बारीक चौकोनी भोकं पडायची. ‘ए’ची वेगळ्या जागी, ‘बी’ची वेगळ्या जागी. मग ती कार्डं काचेपलीकडच्या गार खोलीत मोठ्या मशीनमध्ये जायची. मशीन भोकं बघून अक्षरं ओळखायचं आणि लांबलचक कागदावर यादी छापून द्यायचं. सगळं इंग्रजीत. मराठी त्या मशीनला येत नव्हतं.

ललिताचे वडील हरिबा रेल्वेत गँगमन होते. तिघा भावंडांत अकरावी झालेली ही एकटीच. रोज सकाळच्या पॅसेंजरनं पुणं गाठायचं आणि दिवे लागायच्या सुमारास परत दौंडला उतरायचं, असं तिचं दोन वर्षं चाललं होतं.

सत्याहत्तरच्या पावसाळ्यानंतर एका धर्मादाय संस्थेच्या क्षयरोग प्रकल्पाचं काम केंद्राकडे आलं. शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांतल्या रोग्यांची ही यादी. गोळ्या दीड वर्ष घ्यायच्या, मध्ये एक महिनाही चुकवायचा नाही. दर महिन्याला प्रत्येक रोग्याच्या नावाचं गोळ्यांचं पाकीट त्याच्या गावी जायचं. मशीन यादी छापायचं आणि ती बघून ललिता आणि तिची एक सोबतीण पाकिटांवर मराठीत नावं लिहायच्या.

पहिल्याच महिन्यात घोळ झाला. यादीत न्हावऱ्याला दोन साखरबाई होत्या, आणि दोघींचं आडनाव छापलेलं होतं के, ए, एल, ई. ललितानं दोन्ही पाकिटांवर ‘काळे’ लिहिलं. गावातल्या आरोग्यसेवकाचं कार्ड आलं: एक पाकीट बाईंनी परत केलं, ‘हे माझं नाही’ म्हणून.

त्याच आठवड्यात प्रकल्पाची जीप याद्या पडताळायला त्या भागात जाणार होती. ललिताला सोबत धाडलं.

न्हावऱ्याचे आरोग्यसेवक पोपटराव कोरेकर तिला घेऊन गावाच्या कडेच्या एका दोन खणांच्या घरापाशी गेले. ओट्यावर पंचावन्नच्या आसपासची एक बाई शेंगा फोडत बसली होती. अंगात काही उरलं नव्हतं, पण आवाज खणखणीत होता.

"नाव सांगा मावशी," ललिता म्हणाली.

"साखरबाई म्हाळू काले."

"काळे," पोपटराव यादीत बघून म्हणाले.

"काळे न्हाई वो! कितींदा सांगायचं? काळे त्या मळ्यातल्या. त्या बी साखरबाई, त्यांचं मालक मारुतराव. आमी काले. कऱ्हाडाकडं आमचं गावच हाय त्या नावाचं." बाईंनी शेंगांचं सूप बाजूला सारलं. "ऊसतोडीला आलो आन् हितंच ऱ्हायलो. मालक गेलं. गाव तिकडं लांब. आता आडनाव तेवढं संगं हाय, ते बी तुमी बदलून टाकताय व्हय?"

ललिताला हसू आलं. "मावशी, माझं ओव्हाळ. पुण्यात हपिसात मला ओव्हल म्हणतात."

"म्हंजी?"

"इंग्रजीत ‘ळ’ नाही ना. ‘ल’च लिहावा लागतो."

"आन् तू ऐकून घेतीस?"

"काय करू?"

"सांगावं त्यांना," साखरबाई म्हणाल्या, आणि आत हाक मारली, "भागू, च्या टाक गं."

मुलगी भागुबाई चहा घेऊन आली. तिच्या मागं दोन वर्षांची एक पोर पदराला धरून आली आणि साखरबाईंकडे झेपावली. भागुबाईनं तिला चटकन मागं ओढलं. पोर रडायला लागली. साखरबाई नुसत्या बघत राहिल्या. त्यांची कपबशी ओट्याबाहेर, भिंतीतल्या कोनाड्यात पालथी घातलेली होती. ती त्यांनी स्वतः उठून आणली.

"येगळी ठिवलीया," त्या म्हणाल्या. "डागदर म्हणाला न्हाई, मीच ठिवली. म्हाळसा बारकी हाय अजून. जवळ घ्यावं वाटतं, पर नगं. दीड वर्साचा सवाल हाय म्हणं. काढीन."

बाहेर ठेवलेली कपबशी ललिताला नवी नव्हती. तरुणपणी हॉटेलाच्या मागच्या बाजूला खिळ्याला टांगलेल्या कपातून चहा घ्यावा लागायचा, ते हरिबांनी तिला सांगितलेलं होतं. ते कप दुसऱ्यांनी टांगलेले होते. ही कपबशी या बाईनं आपल्या हातानं, एका पोरीसाठी बाहेर ठेवली होती. जीपमध्ये बसल्यावरही ललिताच्या डोळ्यांपुढून ती हलेना.

दुसऱ्या दिवशी तिनं पंचिंग मशीनवर एक युक्ती केली. मशीनवर कंपन्यांच्या नावांसाठी ‘अँड’चं एक चिन्ह होतं. रोग्यांच्या नावात त्याचा काही उपयोग नव्हता. त्याचं भोक कार्डाच्या सगळ्यांत वरच्या ओळीत एकटंच पडायचं. ललितानं ठरवलं की ‘ळ’ असेल तिथे ‘एल’ मारायचा आणि पुढच्या घरात हे चिन्ह. तसंच ट, ठ, ड, ढ, ण यांचं. म्हणजे यादी वाचताना ‘काले’ कोण आणि ‘काळे’ कोण, ‘शेते’ कोण आणि ‘शेटे’ कोण, हे चटकन कळावं. तिनं सगळी कार्डं महिनाभर खपून नव्यानं पंच केली. सुपरवायझरना दाखवलं. ते म्हणाले, "यादी बिघडत नसेल तर करा काय करायचं ते."

कागदावर कुणीच काही लिहून ठेवलं नाही. लिहिण्यासारखं काही आहे, असं तेव्हा ललितालाही वाटलं नाही. सोबतिणीला ती खूण माहीत होती, पण मार्गशीर्षात तिचं लग्न झालं आणि ती नाशिकला गेली. पुढं पाकिटांवरची नावं ललिता एकटीच लिहायची. दर महिन्याला ‘साखरबाई म्हाळू काले’ लिहिताना ‘ले’ जरा ठसठशीत काढायची.

अठ्ठ्याहत्तरच्या उन्हाळ्यात जुनं मशीन जायचं ठरलं. ते भाड्याचं होतं, परदेशी कंपनीचं. कंपनी गाशा गुंडाळणार होती. केंद्रानं दुसऱ्या बनावटीचं नवं मशीन आणलं. आता सगळ्या याद्या जुन्या कार्डांवरून नव्या मशीनच्या टेपवर न्यायच्या होत्या. ते काम ढमढेरे यांच्याकडे आलं. ढमढेरे तळेगावचे, शेतकऱ्याच्या घरातले. पुण्याला शिकून प्रोग्रॅमर झाले होते. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचे असतील. कामाला वाघ, आणि बोलायला मऊ.

नेमकं त्याच वेळी हरिबांच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. मोतीबिंदू. ललितानं पंधरा दिवसांची रजा टाकली आणि ती दौंडच्या दवाखान्यात वडिलांच्या उशाशी बसून राहिली. ती परत कामावर गेली तेव्हा जुनं मशीन खोक्यांत बंद होऊन गेलंही होतं. नवं मशीन झपाट्यानं चाललं होतं. आता पाकिटांवर हातानं नावं लिहायचीही गरज नव्हती. मशीन चिकटवायच्या चिठ्ठ्याच छापून द्यायचं. ललिताला दुसऱ्या संस्थेच्या यादीवर बसवलं. सुपरवायझर म्हणाले, "तुमचं काम हलकं झालं." तिलाही बरंच वाटलं.

जूनच्या शेवटी तिच्या नावाचं एक पोस्टकार्ड आलं. पोपटराव कोरेकरांचं. अक्षर मोठं, सुबक.

‘कु. ललिताबाई यांस स. न. वि. वि. आपण येऊन गेल्यापासून ख्यालीखुशाली कळविणे झाले नाही. कळविण्यास आनंद वाटतो की येथील साखरबाई काले यांचे नाव यादीतून निघाले. दोन महिने पाकीट आले नाही. उपचार पूर्ण झाल्यावरच नाव निघते असे आम्हास पूर्वी सांगितलेले असल्याने बाई बऱ्या झाल्या असे समजलो. प्रकृतीही सुधारली आहे. त्यांनी साऱ्या आळीत गूळ वाटला व तुम्हास अवश्य कळवा असे सांगितले. नात आता त्यांच्याच कुशीत असते. लोभ असावा.’

ललितानं कार्ड वाचलं. तिच्या चेहऱ्यावर हसू आलं आणि तसंच थांबलं. तिनं बोटांवर महिने मोजले. ऑक्टोबरला गोळ्या सुरू. एप्रिलअखेर सात महिने. दीड वर्षाला अजून अकरा महिने बाकी होते.

ती उठली आणि मागच्या खोलीत गेली. जुनी कार्डं तिथे लाकडी खणांत अजून होती. न्हावरे गावचा गठ्ठा तिनं काढला. साखरबाई, एम, काळे. आणि त्याच्या मागं साखरबाई, एम, काले. दोन्ही कार्डं जागच्या जागी होती. तिनं ती एकावर एक ठेवून खिडकीशी धरली. पहिल्यात ‘एल’च्या पुढच्या घरात, वरच्या ओळीत एकटंच एक भोक होतं, दुसऱ्यात नव्हतं. तिनं पाडलेलं भोक जसंच्या तसं होतं.

मग तिनं नव्या मशीनची यादी मागून घेतली. न्हावऱ्याला एकच साखरबाई होती.

ढमढेरे टेबलावर वाकून काहीतरी लिहीत होते. ललितानं दोन्ही कार्डं आणि पोस्टकार्ड त्यांच्या पुढ्यात ठेवलं.

"साहेब, ही दोन माणसं आहेत. तुमच्या यादीत एकच आहे."

ढमढेरेंनी कार्डं बघितली. "नाव सारखं, नवऱ्याच्या नावाचं पहिलं अक्षर सारखं, गाव सारखं, वय पंचावन्न दोघींचं. दुबार नोंद म्हणून मशीननं एक काढून टाकली असणार, मिस ओव्हल. शिरूरचे नंबर एकपासून होते आणि दौंडचेही एकपासून. म्हणून नवे नंबर नावावरून द्यायचे ठरलं. दुबार नावं मशीननंच गाळली."

"दुबार नाहीत. हे भोक बघा."

"हे होय? सगळ्या यादीत नावांच्या मधेमधे बेरजेची, अधिकची चिन्हं येत होती. काळेमध्ये, शेटेमध्ये, विठ्ठलमध्ये. मला वाटलं जुनं पंचिंग मशीन झिजलंय, भलतीकडंच भोक पाडतंय. म्हणून मी मशीनला सांगितलं, नावात अक्षराशिवाय काही आलं तर सोडून दे."

"अधिकचं चिन्ह नाही ते. मी ‘अँड’चं मारलंय."

"पण छापलं तर अधिकच जात होतं."

मग ढमढेरेंनी नव्या मशीनचं पुस्तक ओढून घेतलं आणि पानं उलटली. एका तक्त्यावर त्यांचं बोट थांबलं.

"जुनं मशीन या भोकाला ‘अँड’ म्हणत होतं," ते हळू आवाजात म्हणाले. "हे अधिक म्हणतंय. भोक एकच. दोन मशीनांनी दोन नावं दिलीत. आणि मी दोन्ही पुसून टाकली." त्यांनी मान वर केली. "पण तुम्ही हे मारलं कशासाठी?"

"‘ळ’साठी," ललिता म्हणाली. आणि तिला रडू कोसळलं.

ढमढेरेंनी तिला बसायला खुर्ची दिली. पाणी आणवलं. तिचं सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "माझ्या आडनावात दोन ‘ढ’ आहेत," ते म्हणाले. "मला कळायला पाहिजे होतं."

"मी लिहून ठेवायला पाहिजे होतं."

"ते आता लिहा. आत्ता, इथेच. कोणत्या अक्षराला कोणती खूण, सगळं."

तिनं लिहिलं. पाऊण पान झालं. तेवढंच होतं ते सगळं. पाऊण पान.

त्या दिवशी ती पॅसेंजर चुकवून सातच्या गाडीनं गेली, आणि पुढचे दोन दिवसही. ढमढेरेंनी प्रोग्रॅम बदलला. वरच्या ओळीतलं ते एकटं भोक दिसलं की त्याला नवं मशीन काहीही म्हणो, ती ललिताची खूण समजायची आणि नावात जागच्या जागी ठेवायची. मग सगळी कार्डं पुन्हा पहिल्यापासून मशीनमध्ये घातली. पहिल्या खेपेला निम्म्या नावांत खूण एक घर पुढं सरकली. एक फेरी त्यात गेली. दुसऱ्या खेपेला यादी सरळ आली. ललितानं ती कार्डांशी एकेक करून ताडून बघितली. तिसऱ्या दिवशी दुपारी आकडा हाती आला. एकोणीस माणसं यादीतून गेली होती. काळे-काले, शेटे-शेते, गोळे-गोले. एकोणीस जणांची दोन महिन्यांची पाकिटं गेलीच नव्हती.

ढमढेरेंनी स्वतः प्रकल्पाच्या डॉक्टरांना गाठून सगळं सांगितलं, आपली चूक कुठं झाली तेही. डॉक्टर आधी भडकले, मग कामाला लागले. अठरा गावांना जीप जाणार होती.

"न्हावऱ्याला मी जाते," ललिता म्हणाली. "त्यांनी मला निरोप धाडलाय."

रविवारी ती दौंडहून एसटीनं चौफुल्याला आणि तिथून न्हावऱ्याला पोचली. वाटेत पोपटराव सायकल हातात धरून तिच्यासोबत चालत होते. खरी गोष्ट तिनं त्यांना स्टँडवरच सांगितली होती. घर दिसायला लागलं तसे म्हणाले, "मला वाटलं हुतं जरा लवकर नाव निघालं. इचारायला पायजे हुतं मी. पर बाई इतक्या खूश झाल्या... आन् मशीननं काढलंय म्हणल्यावर..."

साखरबाई ओट्यावरच होत्या. अंगावर मांस आलं होतं. म्हाळसा त्यांच्या मांडीवर बसून त्यांच्याच ताटलीतला भात खात होती. कोनाडा रिकामा होता.

"आली का गं!" साखरबाई ओरडल्या. "भागू, ती पुण्याची आली बघ! बस पोरी, बस. गूळ संपला बघ, पर तुझ्यासाठी आणवीन."

ललिता बसली नाही. उभ्या उभ्याच म्हणाली, "मावशी, तुमच्या गोळ्या संपल्या नव्हत्या."

"म्हंजी?"

"नाव चुकून गेलं यादीतून. मशीनला तुम्ही आणि मळ्यातल्या काळे, एकच वाटल्या. तुमचं नाव ओळखू यावं म्हणून मी एक खूण केली होती. ती मी कुणाला लिहून दिली नाही. नवं मशीन आलं, त्याला ती कळली नाही. चूक माझी आहे मावशी. तुम्ही बऱ्या झाल्या नाहीत अजून."

साखरबाईंच्या चेहऱ्यावरचं हसू जायला जरा वेळ लागला. त्यांनी आधी ललिताकडं बघितलं, मग पोपटरावांकडं. मग मांडीवरच्या पोरीकडं. त्यांनी तिच्या तोंडाला लागलेली शितं पदरानं पुसली, तिला दोन्ही हातांनी उचललं आणि ओट्याच्या पार दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवलं. म्हाळसा लगेच दुडुदुडु परत यायला लागली.

"घे तिला! भागू, घे लवकर!"

भागुबाईनं पोरीला उचलून आत नेलं. आतून रडण्याचा आवाज येत राहिला.

"दोन महिनं माझ्यापाशी निजती ती," साखरबाई म्हणाल्या. "माझ्या तोंडातला घास देती मी तिला. दोन महिनं."

ती ओट्याच्या पायरीवर टेकली.

मग साखरबाईंनी विचारलं, "तू हे सांगायला एवढ्या लांबनं आलीस?"

"हो."

"कागुद धाडला असता तरी चाललं असतं की."

"नाही चाललं असतं."

साखरबाईंनी मान हलवली. "आता काय करायचं ते सांग."

"उद्या शिरूरच्या दवाखान्यात जायचं. तुम्ही आणि म्हाळसा दोघींनी. मी येते बरोबर."

सोमवारी पहिल्या एसटीनं त्या शिरूरला गेल्या. ललिता रात्री पोपटरावांच्या घरी राहिली होती आणि त्यांच्याकरवी केंद्राला रजेची तार केली होती. दवाखान्यात साखरबाईंच्या बेडक्याची तपासणी झाली. म्हाळसाच्या हातावर, मनगटाच्या वर एक बारीक सुई टोचली. डॉक्टर म्हणाले, "तीन दिवसांनी आणा. हात इथे सुजून वर आला, तर समजायचं पोरीच्या अंगात रोग शिरलाय."

साखरबाईंच्या थुंकीत जंतू सापडले. थोडे होते, पण होते.

"पुन्हा पहिल्यापासून सुरू करू," डॉक्टर म्हणाले. "दीड वर्ष गोळ्या, आणि त्यातले पहिले दोन महिने सुयाही."

"पयल्या सात महिन्यांचं काय?" साखरबाईंनी विचारलं.

डॉक्टरांनी नवा कागद पुढं ओढून त्यावर तारीख घातली. ललिता भिंतीकडे बघत राहिली.

ते तीन दिवस ललिता दौंडला राहिली, पण घरात तिचं मन कशातच नव्हतं. हरिबा बरे होत होते. हिरवा चष्मा लावून दाराशी बसायचे. तिनं त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "लाईनीवर आमी रोज चालायचो. एक खिळा ढिला दिसला तर त्याच वक्ताला ठोकायचा, मागनं नाही. तू बी आता तेच कर. जाऊन बघ."

तिकडं न्हावऱ्यात साखरबाई घरात निजत नव्हत्या. त्यांनी पडवीत गोणपाट टाकलं होतं. दिवसातून दहादा भागुबाईला म्हणायच्या, "हात दाव." भागुबाई दाराच्या आत उभी राहून पोरीचा हात उघडा करून दाखवायची. साखरबाई लांबूनच डोळे बारीक करून बघायच्या. "लाल हाय का?" "न्हाई आये." "नीट बघ." "न्हाई गं."

गुरुवारी ललिता परत गेली. शिरूरला डॉक्टरांनी म्हाळसाचा हात अंगठ्यानं चाचपला, पट्टी लावली, पुन्हा चाचपला.

"काही नाही," ते म्हणाले. "पोर चांगली आहे. सांभाळायला म्हणून थोड्या गोळ्या देतो, आणि तीन महिन्यांनी परत एकदा बघू."

साखरबाई मटकन खाली बसल्या. दवाखान्याच्या फरशीवरच. त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं आणि मोठ्यानं रडल्या. बाकावरचे लोक बघायला लागले. ललिता त्यांच्या शेजारी जाऊन बसली आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

"लांब हो," साखरबाई रडता रडता म्हणाल्या. "तुला लागंल माझं."

ललिता लांब झाली नाही.

त्यानंतर दर महिन्याला पाकीट गेलं. नाव कुणी लिहायचं हे कुणी ठरवलं नव्हतं. छापलेल्या चिठ्ठीखाली ललिता हातानं मराठीत नाव लिहायची, यादीत परत आलेल्या सगळ्यांची. ढमढेरेंनी ते पाऊण पान टाइप करून घेतलं आणि यादीच्या पहिल्या कार्डाआधी, खणातच चिकटवून टाकलं. एकोणिसांपैकी सतरा जण औषधावर परत आले. एक गाव सोडून गेला होता, तो सापडलाच नाही. आणि एक म्हातारा, कुरकुंभच्या वाटेवरच्या वस्तीवरचा, जीप पोचण्याआधी आठ दिवस वारला. कशानं, ते कुणी नक्की सांगू शकलं नाही. त्या दिवशी ललिता जेवली नाही. ढमढेरे दुपारी नुसतेच तिच्या टेबलापाशी येऊन उभे राहिले आणि परत गेले.

सुयांचे दोन महिने साखरबाईंना जड गेले. कानात आवाज यायचे, चालताना तोल जायचा. मध्येच एकदा त्यांनी पोपटरावांना सांगितलं, "आता नगं. मरूं द्या." पोपटराव दुसऱ्या दिवशी सायकलवरून पुन्हा हजर. त्यांनी काही समजावलं नाही. पडवीत बसले, सुई उकळली आणि वाट बघत राहिले. तासाभरानं साखरबाईंनी आपण होऊन हात पुढं केला.

एकोणऐंशीच्या डिसेंबरात दीड वर्ष पुरं झालं. तपासणी झाली. बेडक्यात काही नव्हतं. मशीनच्या यादीत साखरबाई म्हाळू काले या नावापुढं ‘पूर्ण’ची खूण आली. पोपटरावांनी ते जाऊन सांगितलं. साखरबाई ऐकून म्हणाल्या, "मशीन सांगतंय व्हय? मशीनचं मी ऐकत न्हाई. त्या पोरीला येऊन सांगू द्या."

म्हणून पुढच्या रविवारी ललिता न्हावऱ्याला गेली. हवेत गारवा होता. शेतांतून कांद्याच्या लागणी चालल्या होत्या. साखरबाई आळीच्या तोंडाशीच उभ्या होत्या, बहुतेक सकाळपासून.

"सांग," त्या म्हणाल्या.

"झालं मावशी. संपलं."

"तू बघितलंस? तुझ्या डोळ्यांनी?"

"दवाखान्याचा कागद बघितला. कार्ड बघितलं. तुमचंच. काले."

"आन् त्या मळ्यातल्या काळेबाईचं न्हवं?"

"त्यांचं मार्चातच पूर्ण झालं. त्यांचं वेगळं आहे."

साखरबाईंनी तिच्या तोंडाकडं निरखून बघितलं, खोटं दिसतंय का ते शोधत असल्यासारखं. मग त्यांनी तिचा हात धरला. दीड वर्षात त्यांनी कुणाला आपण होऊन हात लावला नव्हता. बोटं खरखरीत आणि गार होती.

"चल," त्या म्हणाल्या. "जेवून जा."

"साडेबाराची गाडी आहे मावशी."

"जाऊ दे ती. चारची हाय की."

घरी भागुबाई भाकऱ्या थापत होती. म्हाळसा आता चार वर्षांची झाली होती आणि आजीला बुजायची. लांबूनच बघायची तिला सवय होती. साखरबाई खाली बसल्या आणि त्यांनी हात पुढं केले. पोर आईच्या मागं लपली. साखरबाईंनी बळजोरी केली नाही. त्या ललिताला म्हणाल्या, "यील. मला घाई न्हाई आता."

आणि त्यांनी ताटं मांडायला घेतली.